खोलीत एक माणूस जास्त

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचत आले आहे. वाचून झालं की मनातल्या मनात कारणं शोधायची – वारा असेल, मांजर असेल, झोप अपुरी झाली असेल. विश्वास कधी बसला नाही. माझं कामच तसं आहे, त्यामुळे हे लिहायला मी बराच वेळ घेतला...

मी भोपाळला आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते. ऑफिसात बसणाऱ्या माणसांना उकडतं का, गारठतं का, हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून पाहणं हा माझा विषय. आधी अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभारायची – भिंती, खिडक्या, पंखे, बाहेरचं हवामान. मग त्यात माणसं बसवायची. कोण कधी येतं, कधी उठतं, सगळं सांगावं लागतं, कारण नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता देत असतो. खऱ्या खोल्यांत तापमान नोंदवणाऱ्या छोट्या डब्या ठेवतात, त्यांना लॉगर म्हणतात. त्यांच्याशी मॉडेलचे आकडे जुळले, तरच मॉडेलवर विश्वास ठेवायचा.

बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात एक काम आलं. ज्या सरकारी कारखान्यात बाबांनी आयुष्यभर नोकरी केली, ज्याच्या टाऊनशिपमध्ये मी वाढले, त्याच्याच जुन्या ऑफिसचं. ड्रॉइंग सेक्शनची बाजू काचा लावून बंद करायची आणि सगळीकडे एसी बसवायचा, असा विचार चालू होता. उंच छत, उत्तरेच्या मोठ्या खिडक्या आणि पंखे यांवर ती बाजू आणखी बरीच वर्षं आरामात चालेल, असं मला वाटत होतं. पण मला वाटून काय उपयोग... मॉडेलने दाखवायला हवं. खरं सांगायचं तर त्या बाजूच्या टोकाला एक छोटी खोली होती. रिटायर होईपर्यंत बाबा तिथे नकाशे तपासत बसायचे. नव्या प्लॅनमध्ये तिची भिंत पाडायची होती.

त्या खोलीवरून आमच्या घरात एक जुनं भांडण होतं. दुपारचा भोंगा झाला की टाऊनशिपमधले बहुतेक पुरुष स्कूटर काढून क्वार्टरवर जेवायला यायचे. बाबा मात्र डबा न्यायचे. शेजारी गरम पोळ्यांचा वास सुटला की आई म्हणायची, आमच्याकडे ह्यांना घराचं वावडं आहे. बाबा हसायचे आणि दर वेळी तेच सांगायचे – "दुपारी तिथे बरं वाटतं गं."

लॉगर लावले. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, हीटर नाहीत. बाकी सगळ्या खोल्या जुळल्या, ती एक जुळेना. आता तिथे दोघं बसतात. ते जेवायला क्वार्टरवर गेले की खोली निवत जायला हवी. निवायची, पण अर्धवट. दोघं उठले असले तरी एक मागे राहिला असावा, तशी. सुट्टी संपली की आकडे हळूहळू पुन्हा मॉडेलला येऊन मिळायचे.

भिंतीची जाडी तपासली, चालू राहिलेला कॉम्प्युटर, चहाची किटली, सगळं पाहिलं. लॉगर बदलला. मग मिश्राजींना विचारलं. ते सेक्शनमधले सगळ्यात जुने, बाबांच्या हाताखाली लागलेले, आणि खोलीची किल्ली त्यांच्याकडे. म्हणाले, "ताला मैं खुद लगाता हूँ, मैडम."

माझ्याबरोबर काम करणारी नाझिया शेवटी वैतागली. "यार, लंच में एक आदमी बिठा दे उस कमरे में. किस्सा खतम."

गंमत म्हणून मी मॉडेलमधल्या त्या खोलीत एक बसवला. मॉडेल पुन्हा चालवलं. मोजलेली रेघ आणि मॉडेलची रेघ एकमेकींवर अशा बसल्या की... नाझियाचं हसू थांबलं.

म्हणजे कुणीतरी खरंच तिथे बसत असणार, असं मी धरलं. दुसरी किल्ली असेल. हे पकडणं अवघड नसतं. बंद खोलीत माणूस श्वास घेतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो नोंदवणाराही लॉगर मिळतो. तो लावला. दोघं उठून गेले की त्याचा आकडा घसरत जायचा, रिकाम्या खोलीत घसरावा तसाच. तापमान मात्र एका माणसाएवढं वर.

ऊब माणसाची होती. श्वास नव्हता.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

रिपोर्टमध्ये मला लपवाछपवी नको होती. सरळ लिहिलं – दुपारच्या सुट्टीत या खोलीत एक व्यक्ती गृहीत धरली आहे. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "लंच में यहाँ कौन बैठता है?"

काय सांगणार... ती ओळ खोटी ठरली की मॉडेल गेलं, आणि त्याबरोबर खोलीही. मी तोंड उघडण्याआधी मागच्या खुर्चीवरून मिश्राजी बोलले.

"बैठते हैं सर, एक. पुराने आदमी हैं. घर नहीं जाते."

साहेबांनी मान हलवली आणि पान उलटलं.

बाहेर आल्यावर मी मिश्राजींकडे पाहिलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला, आईची तब्येत विचारली आणि निघून गेले. मला सांभाळून घेतलं, की त्यांना काही ठाऊक होतं?

ती बाजू तशीच ठेवायचं ठरलं. साकेत नगरला घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे अजूनही घरी जेवायला यायचं नाहीच."

मग वर न बघता – "खिडक्या राहणार ना?"

"राहणार."

"मग बरं वाटत असेल."

नाझिया म्हणते, आपल्या मॉडेलमध्येच काहीतरी सुटलं असेल, येत्या थंडीत पुन्हा लॉगर लावून पाहू. तिचं बरोबरही असेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. माणूस निवांत डबा खात बसलेला असताना त्याला किती मोजायचं...