खाऱ्या तळ्यातला गाळ

काल पाइपलाइनसाठी चर खणताना तळ्यातल्या गाळासारखा खारट, कुजका वास आला आणि मी फावडं टाकून बांधावर बसलो.

नव्वदच्या दशकात सणसरजवळच्या आमच्या खाऱ्या तळ्यात सरकारी माणसं उतरली होती. लांब नळी दाबून ती काळा गाळ वर काढत आणि पिशव्यांत भरत. युरेनियम आहे का बघतोय, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं. तळ्याकाठची माझी चोपण, मीठ फुटून नापीक झालेली जमीन शेजारच्या तात्यांना मेंढरांसाठी हवी होती. बदल्यात ते कालव्याकडचे दोन एकर देणार होते.

“सापडलं का काही?” मी साहेबांना विचारलं.

“इतक्यात काही सांगता येणार नाही.”

मी बैलबाजारात वाढलेला. ज्याला जनावर घ्यायचंच असतं, तो त्याच्याबद्दल चांगलं बोलत नाही. युरेनियम सापडलंय आणि साहेब लपवतोय, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात तात्या आले. “मंग उद्या जायचं ना इंदापूरला, कागद करायला?”

“मला न्हाय द्यायची जमीन.”

“आरं, काल तर व्हय म्हनलास. आता काय मीठ पिकवनार हायस?”

माणसं हसली आणि माझं डोकं फिरलं. “तुमी अन् सायब मिळून मला लुटायला बसलाय,” असं मी सगळ्यांसमोर बोललो. तात्या निघून गेले आणि त्यांनी कालव्याकडची जमीन दुसऱ्याला दिली.

साहेब परत कधी आले नाहीत. आता कळतं, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं आणि त्यांनी तेवढंच सांगितलं होतं. आयुष्यभर सौदे करून मला एक सरळ उत्तर ओळखता आलं नाही. तरी राग साहेबांचाच येतो.