गळ्यातलं नाक

कळंबच्या स्टँडवरून एसटी सुटली, तेव्हा माझा आवाज इतका बसला होता की थोरल्या दादांना ‘येतो’ म्हणालो ते त्यांना ऐकूच गेलं नाही. मोंढ्यात तुरीचा लिलाव पुकारायचं माझं काम, आणि ही गत! दादा खिडकीशी येऊन म्हणाले, "लई बोलू नको. पुण्याला जा, नीट होऊन ये."

घशात कॅन्सर निघाला; पुण्यात स्वरयंत्रच काढलं. आता श्वास गळ्याच्या छिद्रातून; नाक नुसतं शोभेला, वाससुद्धा येत नाही. लेकीकडं राहिलो तो राहिलोच. रोज कफ साफ करायचा, मग छिद्रावर फिल्टर. तो अंगठ्यानं दाबला की आतल्या वॉल्व्हमुळं चार शब्द घोगरे निघतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नाकाचं काम आता फिल्टरच करणार. तो नसला की धूळ थेट फुफ्फुसात." कळत होतं हो, पण वळायला हवं ना.

पहिल्याच सुगीला हट्टानं कळंबला गेलो. गाडीत उकडलं म्हणून फिल्टर काढून खिशात टाकला. मोंढ्यात भुसा उडत होता. वडील नेहमी म्हणायचे, "नाकाला फडकं बांध, धूळ छातीत जाती." हात आपसूक गमछ्याकडं गेला. नाक-तोंड गच्च आवळलं. मागची गाठ तर दादांनीच मारली. गळा मात्र सताड उघडा! काय शहाणे दोघं भाऊ!

रात्रीपर्यंत छाती भरली, ताप चढला. पुण्याच्या दवाखान्यात लेक रडत म्हणाली, "आता गाव बंद, बाबा." मरणापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. डॉक्टरांनी तडजोड काढली: मोंढा बंद, गाव चालू, घराबाहेर असताना फिल्टर मात्र काढायचा नाही.

माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांना पुण्यात घर कुठलं विचारलं, की ते इथला पत्ता सांगतात, गावाचं नाव नाही. मीही सांगतो. इथं हवा बरी, लेक जपते, तक्रार नाही.

परवा कळंबला उतरलो. स्टँडवर वावटळ उठली. सगळ्यांनी नाकं झाकली. दादांनी स्वतःचं नाक उघडं ठेवलं, खांद्यावरचा धुतलेला गमछा माझ्या फिल्टरवर सैलसा धरला आणि बघणाऱ्यांवर खेकसले, "काय बघता? ह्याचं नाक हितं हाय."

मी अंगठा दाबून म्हणालो, "आलो, दादा." या वेळी त्यांना ऐकू गेलं.