बोट तयार?

सकाळी साडेआठला आमच्या कल्याणच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी असते. उपाशी माणूस तापट असतो, तेव्हा हात भराभर चालवावा लागतो. त्या दिवशी एका आजींच्या दंडाला रबरी पट्टा बांधून मी शीर चाचपत होतो आणि खिशातला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी आजींना नेहमीसारखं विचारलं, "तयार?" दोन सेकंद थांबलो आणि सुई घातली. आजींनी हूं का चूं केलं नाही. बाटलीवर नाव चिकटवून मी फोन काढला. आमच्या 'बोटवाले' ग्रुपवर अन्याचा मेसेज होता, "मॉरिस गेला रे." खाली हात जोडलेल्यांची रांग लागलेली. मी पुढच्या माणसाला "बसा" म्हटलं. त्या सकाळी मी अजून तेवीस जणांचं रक्त काढलं, आणि एकदाही हात चुकला नाही याचा मला आजही राग येतो.

मॉरिस कोण, हे चाळिशीच्या आतल्या वाचकांना सांगायला हवं. आम्ही शाळा-कॉलेजात असताना रविवारी सकाळी अकरा ते बारा तो रेडिओवर इंग्रजी रॉकची गाणी लावायचा. कल्याणजवळच्या मोहन्याच्या आमच्या चाळीत तेव्हा रॉक म्हणजे कोणाच्या तरी घरात भांडी पडतायत एवढंच मत होतं. आम्ही मराठी मीडियमची पोरं, गाण्यातला एक शब्द कळायचा नाही. पण मॉरिस गाण्याआधी सांगायचा की हा माणूस कोणावर चिडलाय, कोण त्याला सोडून गेलंय, किंवा हा नुसताच नाटक करतोय, याचं मनावर घेऊ नका. इंग्रजीत सुरू करायचा आणि मध्येच मराठीत घसरायचा, आमच्या गल्लीत कट्ट्यावर बसून बोलल्यासारखा. आम्हाला वाटायचं, मॉरिस म्हणजे वांद्र्याचा कोणीतरी लांब केसांचा गिटारवाला. पुढे कळलं की तो डोंबिवली पश्चिमेचा मोरेश्वर, दिवसा एका सरकारी खात्यात कारकून, चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. अन्या तर दोन दिवस जेवला नव्हता. म्हणे, "फसवलं यार आपल्याला." आणि मग रविवारी अकराच्या आधीच रेडिओपाशी जाऊन बसला.

अन्या म्हणजे अनिल, आमच्या शेजारच्या खोलीतला. माझ्याकडे टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, होता आणि त्याच्याकडे पण होता. दोघं आपापल्या घरी मॉरिसचा कार्यक्रम टेप करायचो. आता यातली गंमत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रडगाणं त्यातूनच आलंय. गाणी टेप करायची, पण मधली बडबड टेप होऊ द्यायची नाही, असा आमचा नियम. तो बोलायला लागला की पॉजचं बटण दाबून ठेवायचं आणि गाण्याचा पहिला सूर यायच्या आत सोडायचं. ज्याच्या कॅसेटमध्ये बोलणं अजिबात नाही ती 'क्लीन' कॅसेट. अशा कॅसेटला आंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत मान. आणि मॉरिसला हे ठाऊक होतं! इतर निवेदक गाण्यावर बोलत राहायचे, हा बोलणं पूर्ण करायचा, मग म्हणायचा, "बोट तयार?" आणि दोन सेकंद गप्प बसायचा. आमच्यासाठी. आम्ही पॉज सोडावं म्हणून. स्वतःला कापून टाकायला तो आम्हाला जागा करून द्यायचा... हे वाक्य आज लिहितोय, तेव्हा एवढं कळत नव्हतं. तेव्हा वाटायचं, काय भारी माणूस आहे, आपल्या बोटाची काळजी करतो.

माझं बोट पंचक्रोशीत नंबर एक. हे मी माज म्हणून सांगत नाही, होता तो माजच. ठाण्याहून एक पोरगा माझ्या कॅसेटची कॉपी घ्यायला यायचा. अन्याचं बोट मात्र मंद. त्याच्या कॅसेटवर मॉरिसची अर्धी-अर्धी वाक्यं राहायची, कधी अख्खंच्या अख्खं बोलणं. मी त्याला सगळ्यांसमोर झाडायचो. "अरे, बोट आहे का केळं?" तो हसायचा आणि म्हणायचा, "ऐकण्यात राहून जातं रे." ऐकण्यात राहून जातं... केवढं शहाणपण त्या माठ्या पोराचं, आणि मी त्याला कॅसेटी पुसून पुन्हा भरायला लावायचो.

बारावीत मी नापास झालो. चाळीत मी दणकून थाप मारलेली की पास झालोय, फक्त ॲडमिशनचं बघतोय. घरात खरं माहीत होतं. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण ताट समोर आलं की ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. दीड महिना असा गेल्यावर मी मॉरिसला पोस्टकार्ड लिहिलं. पोस्टकार्ड कशाला लिहिलं, देवच जाणे. तेव्हा घरात दुसरं कोणी बोलत नव्हतं, म्हणून असेल. तीन आठवड्यांनी, रविवारी, दोन गाण्यांच्या मध्ये तो म्हणाला, "मोहन्याचा प्रकाश, तुझं कार्ड मिळालं." माझं बोट पॉजवर होतं. नेहमीप्रमाणे. मॉरिस माझ्याशी बोलत होता आणि माझं बोट पॉजवर तसंच राहिलं. मिनिटभर बोलला असेल. चाळीत रविवारी तीन घरांत तरी तो कार्यक्रम लागायचा, आणि त्याने माझं नापास होणं सगळं सांगून टाकलेलं. मला पुढचं धड काही ऐकू आलं नाही, कान तापलेले. मग त्याचं "बोट तयार?" आलं आणि मी बरोबर वेळेवर पॉज सोडलं. गाणं क्लीन आलं.

संध्याकाळी अन्या धावत आला. "पक्या, माझ्याकडे आलंय! पूर्ण आलंय! तुझं नाव, सगळं!" अर्थातच त्याचं बोट दाबायचं राहून गेलेलं. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, पूस. आत्ताच्या आत्ता पूस. तो म्हणाला, "अरे, एकदा ऐक तरी, तो चांगलं बोललाय रे." मी ऐकलं नाही. त्याच्याच घरी, त्याच्याच मशीनवर, मी उभं राहून त्या जागेवर दुसरं काहीतरी भरायला लावलं. अन्या रडवेला झालेला. त्याची आई आतून विचारत होती, काय चाललंय रे पोरांनो. काही नाही, काकू, कॅसेट साफ करतोय, असं मीच उत्तर दिलं.

पण त्या बोलण्याने काहीतरी झालं, हे नक्की. कारण त्या रात्री बाबा म्हणाले, "तो रेडिओवाला तुझ्या ओळखीचा आहे का?" दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसलो, पास झालो, लॅबचा कोर्स केला, आज जे काही पोटापाण्याचं आहे ते त्यातून आहे. मॉरिस नेमकं काय बोलला होता? अन्याला आठवतं की तो म्हणाला, "मी पण नापास झालेलो." मला आठवतं की तो बाबांना उद्देशून काहीतरी बोलला. आमच्यात यावरून आजही वाद होतो. बाबांना विचारता आलं असतं, पण ते असेपर्यंत विचारायचं सुचलं नाही.

कार्यक्रम बंद पडला, मॉरिस नोकरीत राहिला, रिटायर झाला. मग घशाचा आजार, ऑपरेशन, आणि त्याचा आवाज गेला. चौदा वर्षं तो पाटीवर लिहून बोलत होता, लहान मुलांची ती लिहिलं की पुसता येणारी पाटी. दोन वर्षांपूर्वी अन्या आणि मी त्याला भेटायला डोंबिवलीला गेलेलो. दार त्याच्या मुलीने, रेवतीने उघडलं. मागे तिची पाच वर्षांची लेक. मॉरिस खुर्चीत होता, गळ्याशी रुमाल बांधलेला, शर्ट मात्र चौकड्यांचाच. आम्ही म्हटलं, सर, आम्ही मोहन्याचे बोटवाले. त्याने पाटी घेतली, दोन शब्द लिहिले आणि आमच्याकडे फिरवली. 'बोट तयार?' अन्या तिथेच रडायला लागला. मॉरिस हसत होता, खांदे हलत होते, आवाज शून्य. मग त्याने ते पुसून दुसरं लिहिलं. 'माझा आवाज आहे का कोणाकडे? नातीने ऐकलेला नाही.'

रेवती म्हणाली, "काका, रेडिओ स्टेशनवाल्यांकडे विचारलं. लाइव्ह असायचं, ठेवलेलं काही नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा सगळ्यांशी बोलताना दिसतात, पण त्यावर पूर्ण सनई चढवलीय." मी छाती फुगवून म्हटलं, "सर, काळजीच सोडा. दीडशे कॅसेट आहेत माझ्याकडे. पुढच्या रविवारी आणून देतो." मॉरिसने माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. अन्या माझ्याकडे बघत होता. त्याला तेव्हाच कळलं असणार. मला खरंच कळलं नव्हतं हो. इतकी वर्षं झालेली, माझ्या डोक्यात त्या कॅसेटी म्हणजे मॉरिसच होता. तो नाहीच त्यांच्यात, हे उतरताना जिन्यात अन्याने सांगितलं.

त्यानंतर मी गेलो नाही. पुढचा रविवार गेला, मग दिवाळी, मग टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये घर हलवणं. रेवतीचे दोन फोन आले, मी "शोधतोय" म्हटलं. खोटं. खोकी माळ्यावर होती आणि मी तिकडे मान वर करून बघत नव्हतो. त्याला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, कोणाकडे तरी निघेल, मग घेऊन जाऊ... आणि मग तो मेसेज आला.

तेराव्यानंतर अन्या टिटवाळ्याला आला. आम्ही खोकी उतरवली, जुना टू-इन-वन दुरुस्त करून आणला आणि चार रविवार बसून, गाणी पुढे पळवत, सगळ्या कॅसेटी ऐकल्या. सगळी गाणी शाबूत. प्रत्येक गाणं आज फोनवर फुकट, दहापट चांगल्या आवाजात मिळतं. जे कुठेच मिळत नाही, तेवढंच काय ते आम्ही काढून टाकलेलं. ग्रुपवर विचारलं. आंबिवलीचा एकजण म्हणाला, क्लीन आहे रे. ठाण्याचा तो पोरगा, आता टक्कल पडलेला, त्याने तर अभिमानाने लिहिलं, "एक शब्द सापडणार नाही, पक्याच्या बोटाची कॉपी आहे!" अन्याच्या कॅसेटींचं विचारू नका. त्या पुसून घेणारा मीच. शेवटी अकरा ठिकाणी माझं बोट केसभर आधी सुटलेलं सापडलं. तिथे 'तयार'मधला शेवटचा 'र' ऐकू येतो. मग दोन सेकंद मॉरिस गप्प, एकदा श्वास घेतल्याचा आवाज, आणि गाणं. चाळीस वेळा ऐकून अन्या म्हणाला, "पक्या, बस कर."

गेल्या रविवारी आम्ही डोंबिवलीला गेलो. खुर्ची होती तिथेच आहे. पाटी खिळ्याला टांगलेली, कोरी. मी सगळं सांगितलं, पोस्टकार्ड, कॉलर, पुसायला लावणं, दोन वर्षांचं खोटं. रेवती रागावली नाही, ती रागावली असती तर मला सोसलं असतं. तिने लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "जे आहे ते लावा." आम्ही अकराही 'र' लावले. नातीने प्रत्येक वेळी कान पुढे केला. संपल्यावर विचारलं, "आजोबा बोलणार कधी?"

अन्या माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पक्या, तू बोलून दाखव. लॅबमध्ये रोज बोलतोस ना, सुई घालायच्या आधी, मलापण विचारतोस. अगदी त्याच्यासारखंच येतं तुला." हे मला माहीतच नव्हतं. सुई टोचण्याआधी "तयार?" विचारायचं आणि दोन सेकंद थांबायचं, ही सवय कुठून लागली याचा मी कधी विचारच केला नव्हता. वाटलं, आहे, अजून आहे तो कुठेतरी, माझ्याच घशात आहे. मी त्या पोरीसमोर उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि म्हटलं, "बोट तयार?" पूर्ण जीव ओतून म्हटलं.

डोळे उघडले तर रेवती मान हलवत होती. "नाही हो, काका. बाबांचं असं नव्हतं." मग ती खुर्चीकडे वळली. "कसं होतं, ते मलाही आता नीट आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पहिला नंबर, मेसेज आला तेव्हा समोर बसलेल्या, त्याच आजींचा होता, दर महिन्याला येतात. पट्टा बांधला, शीर सापडली. तोंडाशी शब्द आला आणि तिथेच राहिला. मी काही न बोलता सुई घातली. आजी केवढ्यांदा ओरडल्या. "अरे मेल्या, विचारायचं तरी आधी! दर वेळी विचारतोस की!"