बदलीचा गडी मरत नाही

माझ्या मेहुण्याच्या दहाव्याला नदीवर बसलो होतो, तेव्हा गावातला एक जण म्हणाला, "यमाकडंसुद्धा त्यानं बदली पाठवून पाहिला असंल." लोक हसले. सुरतेहून आलेले जरा जास्तच हसले, कारण मागची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. मीही हसलो. खरी गोष्ट ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो आणि तरी हसलो, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो. मी पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये होतो. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, लूमवर कारागीर होता. आमच्या कलरमास्तरचा भाचा परदेशात शिकून आला होता. त्याने मला एक खेळ दाखवला. त्यात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. तुमचा माणूस काय करतो ते तुम्ही बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मला तो खेळ इतका आवडला की मी एका वहीत आपल्या पद्धतीने नियम लिहून काढले. परदेशी राक्षसांच्या जागी खानदेशातली गढी आणली, दरोडेखोर आणले. फासा लुडोचा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या खोलीत पाच-सहा जण जमायचे. गोष्ट सांगायला मी. गलका झाला की मी एका मोडीत निघालेल्या धोट्याने फरशीवर ठोकायचो. धोटा म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं.

माझ्या गोष्टीत रक्त फार असायचं. मुंडकं उडालं तर ते कुठे जाऊन पडलं हेसुद्धा मी सांगायचो. आतडी, फुटलेले गुडघे, उकळत्या कढईत बुडवलेला माणूस. बारा तास शिव्या खाऊन आलेल्या लोकांना ते आवडायचं. कुणाच्याही वाटेत दरोडेखोर आला की तो त्याच्या मुकादमासारखा दिसायचा आणि मग त्याला सावकाश मारलं जायचं. बरं वाटायचं. मला सगळ्यात जास्त बरं वाटायचं. मिलमध्ये माझं कुणी ऐकत नव्हतं आणि इथे कोण जगेल ते मी सांगत होतो.

आता तो नियम. कुणाची सुट्टी पुढे ढकलली गेली तर तो खेळाला येऊ शकत नसे. मिलमध्ये अशा वेळी बदली कामगार उभा करतात. मीही तेच वहीत घातलं: ज्याला येता येत नाही त्याने बदली द्यावा, आणि बदलीने खेळलेला गडी, म्हणजे गोष्टीतला माणूस, मरणार नाही. परक्याच्या चुकीने कुणाचा गडी जाऊ नये, एवढाच माझा हिशेब.

मेहुण्याचा एक दोस्त होता, अकोल्याकडचा, त्याच्याच लूमवरचा. एका सुट्टीला हे दोघं आले आणि एकमेकांच्या जागी बसले.

"हे काय?" मी विचारलं.

"मी याचा बदली," मेहुणा म्हणाला, "आणि हा माझा."

"अरे पण तुम्ही दोघंही आलेले आहात ना!"

"दाजी, बदली कधी द्यायचा ते लिखेल शे. कधी द्यायचा नही, ते कुठं लिखेल शे? वाचा ना."

मी वाचलं. नव्हतं लिहिलेलं. खोलीत असं हसू फुटलं की शेजारीण डोकावून गेली.

दोघं अमर झाले. पुढच्या तीन सुट्ट्या ते एकटेच गढ्यांत घुसत होते, आगीतून चालत होते, विहिरीत उड्या मारत होते. बाकीच्यांनाही मजा येत होती, हे मी कबूल करतो. मला येत नव्हती. तेव्हा वही त्याच्यापुढे सरकवून म्हणायला हवं होतं, चूक सापडली तुला, आता दुरुस्तही तूच कर. त्याने केलीही असती. त्याला तसलं डोकं होतं. सूत कुठे तुटणार ते त्याला आधी कळायचं. पण त्याने चार लोकांत मला खोटं पाडलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

चौथ्या सुट्टीला मी ठरवून बसलो होतो. गडी मरणार नाही ना? ठीक आहे. मेहुणा खेळत होता तो गडी मी पकडवला. झाडाला उलटा टांगला. नखं काढली. मग एक हात खांद्यापासून, मग दुसरा. प्रत्येक वेळी फासा त्याच्या बाजूने पडला की मी म्हणायचो, ते दान मोजायचं नाही. "जरा जास्त होतंय, भाऊ," कुणीतरी म्हणालं आणि चहाच्या निमित्ताने खाली गेलं. त्याच्यामागे बाकीचेही गेले. मी, मेहुणा आणि अकोल्याचा, तिघेच उरलो.

"हात गेले दोन्ही," मी म्हणालो. "आता काय करतोस?"

मेहुणा हसला. "तलवार दातात धरतो. मरत तर नही ना मी? आणि दाजी, नियमात नसलेलं तुम्हीबी करायला लागलात. मग तुमच्यात अन् माझ्यात फरक काय?"

मी धोट्याने मारलं. कपाळावर बसलं. त्याची भुवई फाटली आणि रक्त एका बाजूने गळ्यापर्यंत आलं. अकोल्याचा "अरे, अरे" करत पाणी आणायला नळाकडे पळाला.

डॉक्टरकडे नेलं. "काय लागलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "धोटा लागला." सुरतेत डॉक्टर याच्यापुढे काही विचारत नाहीत, लूमवरून धोटा उडून कारागिराला लागणं त्यांना रोजचं आहे. शब्दाने मी खोटं बोललो नाही. इतरांच्या पळवाटांवर चिडणाऱ्या माझ्या तोंडून पळवाट आयती निघाली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, लूमवर अपघात. त्याचा डावा डोळा गेला होता.

तो कागद भरपाईसाठी त्याच्या सेठकडे पोहोचला. सेठ म्हणाला, "मारुं खातुं तो बंध हतुं!" खातं म्हणजे लूमचं शेड. त्या दिवशी सुट्टी होती, एकही लूम चालू नव्हता. घाबरल्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सेठने त्याला सगळ्या कारागिरांसमोर उभं करून लबाड म्हटलं, दोन थोबाडीत दिल्या आणि काढून टाकलं. डोळ्यावरची पट्टी सुटून रक्त आलं तेव्हा त्याला हाताला धरून बाहेर काढलं. मग सुरतेत पार पर्वत पाटियापर्यंत कुठल्याच खात्यात त्याला उभं करेनात. एका डोळ्याने तुटलेलं सूत दिसत नाही, हे एक कारण. दुसरं कारण लोक हसत सांगायचे. हा तर बदली घेऊन अमर होणारा, सेठलाही फसवायला निघाला होता.

खेळातली त्याची हुशारी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. मी तिला उभं राहू दिलं.

मी एकदा त्याला विचारलं, खरं का सांगत नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही आत गेले तर माझी बहीण कोणाकडं जाईल?" अकोल्याच्यालाही त्याने गप्प बसवलं. मग तो गावी गेला आणि दुसऱ्यांची गुरं राखत राहिला. गावातही लबाड हे नाव त्याच्याआधी पोहोचलं होतं.

दहाव्यानंतर मी बायकोला सगळं सांगितलं. नियम माझा, मार माझा, डॉक्टरपुढचा शब्द माझा. त्याने आयुष्यात कुणालाही फसवलं नाही. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"रागात एकदा हात उठला तुमचा," ती म्हणाली. "अकोल्याच्या भाऊंनी सांगितलं होतं मला, तेव्हाच."

म्हणजे तिला माहीत होतं. तीस वर्षं माझ्या ताटात वाढताना माहीत होतं. आणि त्या 'एकदा'वर ती माझ्याबरोबर राहिली होती.

मी तिला उरलेलं सांगितलं. अकोल्याचा पाण्याला गेला तेव्हा तिचा भाऊ खाली बसला होता, एक हात वर धरून. "दाजी, बस," असं म्हणत होता. मी तो हात बाजूला केला आणि पुन्हा मारलं. लोखंडाचं टोक पुढे धरून. डोळा त्या दुसऱ्या फटक्याने गेला.

ती सूप तसंच ठेवून उठली आणि मुलाच्या घरी गेली. अजून तिथेच आहे.