म्हैसूरला पाहिलेला पाऊण सिनेमा

मिरजेहून म्हैसूरची गाडी धरली ती फक्त एका सिनेमासाठी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण शिकलो तसं माझ्या आवडीचं बोलायला घरात कुणी उरलं नाही. हा कन्नड सिनेमा मी मोबाईलवर चारदा पाहिला होता, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. एक विधवा बाई, तिचं परसदार, तिच्या आयुष्यातले चार दिवस. बस्स. वडिलांना दाखवला, तर दहा मिनिटांनी म्हणाले, "गोष्ट कधी सुरू व्हायचीय?" आणि झोपले. कुणीतरी शेजारी बसून तो शेवटपर्यंत पाहावा, एवढंच मला हवं होतं.

सकाळी उतरलो. सेट दोसा खाल्ला, चुकीच्या बसने भलतीकडे जाऊन परत आलो. दुपारी गोकुलम भागातल्या लहान सभागृहात आम्ही सातजण. योग शिकायला आलेले चार परदेशी अर्ध्या तासात उठले. एकजण घोरत होता.

"गेले वाटतं," मी पुटपुटलो.

"जाऊ दे रे तम्मा (धाकट्या भावा)," शेजारची सत्तरीची बाई म्हणाली. ती म्हैसूरजवळच्या हुणसूरची, पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणाऱ्या मराठी रंगाऱ्यांचं घर. इथल्याच हिनकलच्या भाचीने तिकीट दिलं म्हणून आलेली. ती पडद्याशी सारखी बोलत होती. मी तिला गप्प करणारच होतो, तेवढ्यात पडद्यावरच्या बाईने साडी रंगाच्या कढईत सोडली.

"अय्यो, कोरडीच टाकलीस? आधी भिजवायची असतीय की. आता डाग पडतील, नोडु (बघ)."

डाग पडले. बाई ती साडी हातात धरून कितीतरी वेळ उभी.

"सिनेमावाल्यांची चूक असेल," मी म्हणालो.

"चूक कसली? रंगवायचा नवरा. हिनं नुसतं बघितलंय. आमच्यात पण बायकांना कढईला हात लावू देत नव्हते."

चारदा पाहून मला हे दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने पिशवी उचलली. "हुणसूरची बस हाय माझी."

"मावशी, वीसच मिनिटं राहिलीत."

"बस थांबतीय होय माझ्यासाठी?"

मी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि उठलो. रिक्षाने हुणसूर रस्त्यावर आलो. थांब्यावर उभ्याउभ्या तिला पुढचं सांगितलं. सिनेमातली बाई तीच डागांची साडी नेसून बाजारात जाते. कुणी काही विचारत नाही. घरी येऊन दूध तापवते.

"मत्ते (मग)?"

"मग काही नाही. संपला."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नेसली ना? मग बरं झालं. मी पण नेसले असते."

बस आली. खिडकीतून ती म्हणाली, "हुणसूरला ये कधीतरी. भाचीला विचार, ती पत्ता देईल."

बस गेल्यावर लक्षात आलं, भाचीचं नाव विचारायचं राहिलं.

घरी सगळ्यांनी विचारलं, राजवाडा पाहिलास का. नाही म्हणालो. एवढ्या लांब जाऊन सिनेमाही पुरता पाहिला नाही, हे बोललो नाही. ते ज्या एका माणसाला कळलं असतं, ते माणूस हुणसूरच्या बसमध्ये बसून गेलं होतं.