मोडीतली नाल्याची वही

हल्ली पाऊस पिसाळलाय, महिन्याचं पाणी एका दुपारी ओततो, हे मला मान्य आहे. पण शहर तुंबलं की सगळं खापर आभाळावर फोडणाऱ्यांचा मला संताप येतो. दाना ओली मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत पाणी घातलं ते माणसांनी. त्यातला एक माझा बाप होता.

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी संस्थानात वडील नाल्यांचे ओव्हरसियर. दर वैशाखात ते गल्लीपासून स्वर्णरेखा नदीपर्यंत नाला पायी बघत जायचे आणि कुठली फरशी उचलायची, कुठला गाळ काढायचा ते वहीत मोडीत लिहायचे. गल्लीमागे एक खोलगट पडीक जागा होती. पावसाचं पाणी आधी तिथे साचायचं, बरंचसं जिरायचं, उरलेलं सावकाश नाल्याला लागायचं. तिथे कुणाला वीटसुद्धा ठेवू द्यायची नाही, हेही त्याच वहीत होतं.

संस्थान विलीन झालं, खाती एकत्र झाली आणि वडिलांच्या डोक्यावर बाहेरगावचा तरुण इंजिनियर आला. त्याला ती जागा भरून गोदाम बांधायचं होतं. समोर तीन पायऱ्या खाली एका खोलीत शेजारच्या विधवा काकू राहायच्या, शिवणाच्या मशीनवर पोट भरायच्या. त्या घाबरून आल्या. "भाऊजी, ती जागा भरतायत म्हणे. माझ्या खोलीत पाणी तर नाही न येणार?"

"वहीत साफ लिहिलंय. काळजी नका करू," वडील म्हणाले.

वहीत काय आहे ते बघायला इंजिनियर घरी आला. वही उलटसुलट करून म्हणाला, "बाबूजी, यह हमसे नहीं पढ़ी जाएगी. हिंदी में उतरवा दीजिए."

"बरसों से ऐसे ही चली है. पढ़ना आपका काम है."

वडिलांनी तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इंजिनियर माझ्याकडे वळला, "बिटिया, तुम पढ़ लेती हो?"

मी तेरा वर्षांची. मोडी मला वडिलांनीच शिकवली होती. त्यांची नजर माझ्यावर होती. मी म्हणाले, "नहीं."

त्याने वही तिथेच टाकली. नई सडकेवरच्या मराठी वस्तीत मोडी वाचणारे पैशाला पासरी मिळाले असते. त्या शहाण्याला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

मुरूम पडला, भिंती उठल्या. श्रावणात एका दुपारी पाऊस धो धो कोसळला आणि सगळं पाणी काकूंच्या पायऱ्या उतरलं. आम्ही गेलो तेव्हा मशीन बुडालेलं होतं. ओढून बाहेर काढलं, तर आत नुसता गाळ.

वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "मी लिहून ठेवलं होतं! त्या गाढवाला वाचता येत नाही!" त्यांना चक्क आनंद झाला होता. त्या क्षणी मला त्यांची किळस आली.

काकू मशीनमधला चिखल बोटांनी काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या भावाची पत्रं मोडीत येतात. ती मला हीच वाचून दाखवते."

"पोरगी आहे ती. तिला काय कळतं?"

"तिला नाही विचारत मी," काकू म्हणाल्या. "तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

वडील घरात निघून गेले. मशीन पुन्हा चाललं नाही. दिवाळीआधी काकू भावाकडे उज्जैनला गेल्या. टांगा बराच वेळ त्यांच्या दाराशी उभा होता. मी खाली उतरले नाही.