डिकीतला वूफर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही, देवापुढे तर नाहीच — त्याच्याशी माझं बोलणं तसंही कमी. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. रडतबिडत लिहीत नाहीये. मला राग आलेला आहे. मागच्या आठवड्यात धाकट्या दिराच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. तिथे चारचौघांत माझं जे कौतुक झालं त्यानं माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

कौतुक कशाचं? तर म्हणे वहिनीनं पोराला मार्गाला लावलं. वहिनी नसती तर प्रकाश आज लोकांच्या गाड्यांत भोंगे बसवत फिरला असता.

भोंगे! ज्यांना काय बसवत होता तेही माहीत नाही, ते कौतुक करतात. आणि मी काय केलं? सगळ्यांच्या पानात पुऱ्या वाढल्या.

नीट सांगते. आमच्या भिलाईत झोपेला फार मान. पोलादाचा प्लांट रात्रंदिवस चालतो, त्यामुळे भर दुपारी कुठल्या ना कुठल्या क्वार्टरमध्ये नाइट शिफ्ट करून आलेला माणूस झोपलेला असतोच. आमच्या गल्लीत फाटकाला टॉवेल बांधला की समजायचं — आत झोप चालू आहे. पोरं दुसरीकडे खेळायला जातात, भाजीवाला आवाज न देता पुढे सरकतो. चांगली पद्धत आहे, मला मान्य आहे. पण त्या टॉवेलपायी माझं शिलाई मशीन बंद पडलं, त्याचं काय? लग्नाआधी नागपूरला मी शिवणाचा कोर्स केला होता. गल्लीतल्या बायका ब्लाउज शिवायला द्यायला तयार होत्या. नवरा रोलिंग मिलमध्ये फोरमन. तो म्हणाला, "ते खडखड बंद कर, मले झोपू दे." केलं बंद. वर फ्लॉवरपॉट ठेवला.

आता प्रकाश. बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. बसलेला कसला — आमच्या जुन्या फियाटच्या डिकीत डोकं घालून उभा. गाडी नवऱ्याची, एका रिटायर साहेबाकडून घेतलेली. प्रकाशला तिच्यात कॅसेट डेक, मागच्या काचेखाली दोन स्पीकर आणि डिकीत वूफर बसवायचा होता. वूफर म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, जो कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. तयार सेट कोणाला परवडतो? म्हणून वूफर कुठल्याशा गणेश मंडळाच्या मोडीतला. अॅम्प्लिफायर पॉवर हाउस भागातल्या बाजारातून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. आणि प्लायवुडचं खोकं बनवलं त्याच्या मित्रानं, संतोष साहूनं. संतोष इथलाच, छत्तीसगढी, सुताराचा मुलगा. दोघं खोक्याच्या सांध्यांत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा भरत बसायचे. हवा निसटली की आवाज पोकळ येतो म्हणे. आत कापूसही भरावा लागतो. तो कुठून आणणार? माझ्या गादीतून.

"वहिनी, थोडासा दे न वो. गादीले काई फरक नाई पडत."

"तुह्या डोक्यात भर आधी. तिथं पोकळ आहे," मी म्हटलं. दिला मात्र.

आणि मग एका दुपारी फाटकाला टॉवेल बांधलेला असताना दोघांनी वूफर सुरू केला. माझ्या मांडणीवरचे पेले थरथरले. मी हात पुसत बाहेर आले, म्हटलं आता नवरा उठून भावाची कानशिलं लाल करतो. नवरा उठला. लुंगीवरच बाहेर आला, गाडीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अजून वाढव बे."

वाढव! माझ्या मशीनची खडखड याच माणसाला सोसत नव्हती ना? की झोपेला बाईच्याच कामाचा आवाज खुपतो? मी काही बोलले नाही. तिथेच बोलले असते, भांडले असते, तर पुढचं काही झालंच नसतं. पण त्या घरात भांडायची सवय मला नव्हती. आतल्या आत मोजत राहायची होती.

एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती सोयीची नाही. प्रकाशनं माझ्या मशीनच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून चिकटवले होते. कोणी सांगितलं नव्हतं. "आता आवाज फरशीत नाई उतरत, वहिनी, चालवून पाह्य." आवाज खरंच अर्ध्यावर आला होता. मी चालवलं नाही — नवरा नाही म्हणाला तर नाही. पण माझ्या मशीनचा विचार करणारा घरात तो एकटा होता. आणि मी राग कोणावर काढला?

रसमड्याला कारखाना असलेला एक माणूस होता. नवी जीप घेतलेली, त्याला तिच्यात असाच सेट हवा होता. आवाज पसंत पडला तर जीपचं काम तर देईनच, शिवाय माझ्या इमारतीतला एक गाळा दुकानाला देईन, असं तो म्हणाला होता. प्रकाश वायरिंग करणार, संतोष खोकी बनवणार. रविवारी सकाळी सिविक सेंटरला तो गाडी ऐकायला येणार होता. सोमवारी त्याला भोपाळला जायचं होतं. म्हणजे जे काय ते रविवारी. त्याच सुमारास प्लांटच्या अप्रेंटिसशिपचा इंटरव्ह्यू होता आणि प्रकाश जाणार नाही म्हणत होता. आमच्या लोकांत हे ऐकून माणसं गप्प होतात. भंडाऱ्याची शेती सोडून आमचे सासरे प्लांटमध्ये लागले, नवरा लागला. प्लांटची नोकरी नाकारणारा मुलगा म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. नवरा ओरडत होता, सासरे जेवत नव्हते. म्हणून मी केलं — असं इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. त्याच्या भल्यासाठी.

खोटं आहे. भल्याबिल्याचा विचार मनात नव्हता. दोन पोरं गाडीपाशी गाणी म्हणत काम करत होती, त्यांना दुकान मिळणार होतं, आणि माझं मशीन फ्लॉवरपॉटखाली होतं. एवढंच होतं.

शनिवारी संतोष गाडी घेऊन गावाकडे गेला होता, अहिवाऱ्याच्या बाजूला. घरचा तांदूळ आणायचा होता. दुपारी परतला. डिकीत खोकं असल्यानं पोती मागच्या सीटवर टाकलेली. मी फाटकात उभी होते. त्यानं त्यातली एक गोणी आमच्यासाठी उतरवली — "नया चावल है भाभी, घर का" — आणि दुसऱ्या टोकाला मी हात लावला. मग बाकीची पोती सायकलरिक्षात घालून तो घरी गेला. प्रकाश फ्यूज आणायला पॉवर हाउसला गेलेला. नवरा झोपलेला. फाटकाला टॉवेल.

मी गोधड्या शिवायचं दाभण घेतलं आणि डिकी उघडली. वूफरवर जाळी बसवायची राहिली होती. काळा कागदी पडदा आणि त्याच्या कडेची घडी. त्या घडीतून दाभण घातलं आणि ओढलं, टाका उसवतात तसं. मला उसवता चांगलं येतं. डिकी लावली आणि नवा तांदूळ निवडायला बसले.

रविवारी नवरा सोबत गेला होता, त्याच्याकडून कळलं. आवाज वाढवला तशी डिकीत फरफर सुरू झाली. जीपवाला हसला, म्हणाला, "ये तो फटा ढोल है," आणि निघून गेला. घरी येऊन प्रकाशनं पडदा उजेडात धरला. फाटका भाग पाहून म्हणाला, ही पोत्याची सुई आहे. पोत्यात राहिलेली सुई. संत्यानं पोतं डिकीत खुपसलं.

खरं सांगते, दाभण घेताना पोत्यांचा विचार माझ्या मनात नव्हता. पण आता तो आयता समोर आला होता.

संतोषला बोलावलं. तो आधी हसला. मग प्रकाशचं तोंड पाहिलं आणि हसणं थांबलं. "अबे, डिकी खोली ही नहीं मैंने!" प्रकाश ऐकेना. तेव्हा संतोष माझ्याकडे वळला. किती विश्वासानं वळला! "भाभी, आपने तो देखा था न? बोरी सीट पर थी। आपने खुद उतरवाई।"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातात चहाचा ट्रे होता.

मी म्हटलं, "मी लक्ष नाही दिलं."

मी नाही पाहिलं, असंही धड म्हणाले नाही. तेवढंही धैर्य नव्हतं. लक्ष नाही दिलं! दाभणानं मी एक वूफर फाडला. तो रागात फाडला, आणि नवा आणता आला असता. पण हे वाक्य थंड डोक्यानं म्हटलं. संतोषनं चपला घातल्या. त्याला कळलं का? मला वाटतं, कळलं. चहा न घेता गेला. पुढे ना दुकान झालं, ना ते दोघं कधी एकमेकांशी बोलले. मी चार शब्द समजावले, तसा प्रकाश इंटरव्ह्यूला गेला, प्लांटमध्ये लागला. आणलेला तांदूळ आम्ही संपेपर्यंत खाल्ला.

प्रकाश दुःखी नाही. बायको आहे, मुलं आहेत, आता घर झालं. वास्तुशांतीला तोच पाहुण्यांना सांगत होता, "एका दोस्तानं दगा देला, पण वहिनीनं सांभाळून घेतलं." त्या वाक्यानं मी पेटले. कोणावर? त्याच्यावर नाही. मान डोलावणाऱ्या नवऱ्यावर, "लक्ष्मी आहे हो घरची" म्हणणाऱ्या बायकांवर — आणि पदर सावरून हसणाऱ्या माझ्यावर. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. पुऱ्या गरम होत्या म्हणून पुढच्या पानाकडे गेले.

संतोष दुसऱ्याच्या दुकानात फर्निचर करतो. सिविक सेंटरला दिसतो कधी. "नमस्ते भाभी" म्हणतो, थांबत नाही.

आणि आता हे सगळं लिहून झाल्यावर जे लक्षात आलं, तेही लिहून ठेवते. हिंदी मला मराठीइतकीच येते. तरी मी हे मराठीत लिहिलं. संतोषच्या घरी मराठी कोणी वाचत नाही.